बारा व्होल्ट दाखवणारी तार

डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला की लोक एक तर घाबरून गाडी रस्त्याच्या कडेला घेतात, नाहीतर महिनोन्‌महिने त्याच्याकडे काणाडोळा करतात. त्यावर काळी चिकटपट्टी लावलेली गाडीही मी पाहिली आहे. मला वाटतं, पिवळ्या दिव्याचा अर्थ ‘थांब’ नाही, ‘बघ’ असा आहे, आणि बघायला नेमकं कुठून सुरुवात करायची हे फार थोड्या लोकांना ठाऊक असतं. गाडी वापरणाऱ्यांना तर नसतंच, पण गाड्या दुरुस्त करणाऱ्यांतल्याही पुष्कळांना नसतं.

आमची गाडी 2014 सालची, पेट्रोलवरची, लहान. कोल्हापुरात घर, कॉलेज, बाजार एवढंच तिचं रोजचं फिरणं, आणि अधूनमधून गगनबावड्याच्या बाजूला माहेरी जाणं. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस हा दिवा लागला. गाडी बंद पडली नाही, मिसिंग नाही, पिकअपही बरा. पण सिग्नलला उभी राहिली की कच्च्या पेट्रोलचा वास यायचा आणि शहरातलं अ‍ॅव्हरेज चांगलंच उतरलं होतं. गंमत अशी की गगनबावड्याच्या रस्त्याला लागलं, गाडी अर्धा तास पळाली, की वास नाही, काही नाही. शहरात आजारी आणि मोकळ्या रस्त्यावर ठणठणीत, हे लक्षण पुढे फार कामाचं ठरलं.

एका मोठ्या गॅरेजात दाखवलं. तिथल्या मुलाने स्टेअरिंगच्या खालच्या सॉकेटला स्कॅनर लावला, पडद्यावर पी-0135 असा कोड आला, आणि पाचव्या मिनिटाला माझ्या हातात छापील अंदाजपत्रक आलं: पुढचा ऑक्सिजन सेन्सर बदलणे, रक्कम काही हजार. मुलगा अदबीने बोलणारा होता, घाईत होता, आणि त्याला पडद्यावर जे दिसलं त्यावर त्याचा पूर्ण विश्वास होता. मी विचारलं, सेन्सर खराब आहे हे कशावरून? तो म्हणाला, मॅडम, कोडच आलाय ना.

आता हा कोड खरोखर काय सांगतो ते पाहू. पी-0135 म्हणजे पहिल्या सेन्सरच्या हीटरच्या सर्किटमध्ये बिघाड. सर्किटमध्ये सेन्सरच्या पोटातला छोटा हीटर तर आलाच. पण त्याच्याबरोबर फ्यूज, रिले, जाणारी तार, येणारी तार, मधला कपलर म्हणजे तारा जोडणारा प्लग, त्यातल्या पिना आणि इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाच्या आतला ती तार जमिनीला, म्हणजे अर्थला, जोडणारा ट्रान्झिस्टर एवढी मंडळी येतात. संगणकाला इतकंच कळतं की जेवढा प्रवाह वाहायला हवा होता तेवढा वाहत नाही. तो कुठे अडला हे त्याला दिसत नाही, तो तसा दावाही करत नाही. दावा आपण करतो. कोडच्या नावात ज्या वस्तूचं नाव, ती वस्तू बदलायची, हा सगळीकडचा रिवाज झालाय, आणि माझ्या मते गॅरेजमधला सर्वांत महागडा रिवाज हाच आहे.

हा सेन्सर आहे तरी काय? पेट्रोलच्या एका भागाला वजनाने साधारण 14.7 भाग हवा मिळाली की जळताना पेट्रोलही उरत नाही आणि ऑक्सिजनही उरत नाही. या नेमक्या प्रमाणाला लॅम्डा बरोबर 1 म्हणतात. हवा जास्त झाली की लॅम्डा 1 च्या वर, पेट्रोल जास्त झालं की खाली. हे प्रमाण सांभाळण्याचा सगळा आटापिटा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसाठी, म्हणजे एक्झॉस्टमधले विषारी वायू निवळणाऱ्या डब्यासाठी असतो. त्याला एकाच वेळी दोन उलटी कामं करायची असतात. कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेल्या इंधनाला ऑक्सिजन द्यायचा, आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांकडून ऑक्सिजन काढून घ्यायचा. लॅम्डा 1 च्या अगदी आसपासच ही दोन्ही कामं जमतात. थोडं इकडे सरकलं तर एक बिघडतं, तिकडे सरकलं तर दुसरं. म्हणून एक्झॉस्टच्या वाटेवर, कन्व्हर्टरच्या आधी, स्पार्क प्लगसारखा दिसणारा हा सेन्सर बसवलेला असतो. त्याला ‘किती’ फारसं कळत नाही. कमी की जास्त एवढंच तो सांगतो. जळलेल्या वायूत ऑक्सिजन उरला असेल तर 0.1 व्होल्टच्या आसपास, उरला नसेल तर 0.9 च्या आसपास. संगणक त्यावरून पेट्रोल थोडं वाढवतो, सेन्सर वर जातो. मग थोडं कमी करतो, सेन्सर खाली येतो. निरोगी गाडीत हा आलेख सतत वरखाली होत असतो. तो सपाट झाला की काहीतरी बिघडलं समजायचं.

बॉश कंपनीने हा सेन्सर 1976 मध्ये बाजारात आणला, आणि कॅलिफोर्नियाच्या कडक प्रदूषण-नियमांसाठी तयार केलेल्या व्होल्व्होच्या गाड्यांवर तो पहिल्यांदा बसला. त्या गाड्यांच्या पुढच्या जाळीवर ‘लॅम्डा सोंड’ असा बिल्ला लावत; सोंड म्हणजे प्रोब. एक्झॉस्टमधल्या एका सेन्सरचं नाव गाडीच्या छातीवर मिरवायचा तो काळ मला आवडतो. आपल्याकडे तो यायला आधी पेट्रोलमधलं शिसं जावं लागलं. शिसं कन्व्हर्टरला मारतं आणि या सेन्सरलाही. 1 एप्रिल 1995 पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि तिथे बिनशिशाचं पेट्रोल मिळू लागलं. देशभर शिसं बंद झालं ते 1 फेब्रुवारी 2000 ला.

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. बारावीला दरवर्षी विद्युत्‌घटाचं विभवांतर काढायचं नर्न्स्टचं समीकरण येतं आणि दरवर्षी मुलं ते परीक्षेपुरतं पाठ करून सोडून देतात. या सेन्सरमध्ये तेच समीकरण बसलेलं आहे, जसंच्या तसं. झिर्कोनियम ऑक्साइडच्या स्फटिकात थोडं यिट्रियम मिसळलं की ऑक्सिजनच्या काही जागा रिकाम्या राहतात, आणि तापमान पुरेसं असेल तर ऑक्साइडचे आयन त्या रिकाम्या जागांवरून पुढे पुढे सरकू शकतात. अशा सिरॅमिकची एक टोपी करायची, आतून-बाहेरून प्लॅटिनमचा सच्छिद्र लेप द्यायचा, आतल्या बाजूला आपली साधी हवा ठेवायची आणि बाहेरची बाजू एक्झॉस्टमध्ये सोडायची. झाला विद्युत्‌घट. दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनच्या दाबांचं गुणोत्तर जेवढं मोठं, तेवढं विभवांतर जास्त. 1000 केल्विनला समीकरणातला आर-टी भागिले चार-एफ हा तुकडा साधारण 0.0215 व्होल्ट येतो. एक्झॉस्टमध्ये एक टक्का ऑक्सिजन उरला असेल तर हवेतल्या 21 टक्क्यांशी त्याचं गुणोत्तर 21, आणि उत्तर 0.07 व्होल्टच्या जवळ. पेट्रोल जास्त झालं की ऑक्सिजन टक्क्यांच्या हिशेबात उरतच नाही. त्याचा दाब दशांशचिन्हानंतर अठरा शून्यं देऊन मग एक लिहावा इतका खाली जातो, आणि उत्तर येतं 0.9. गाडीतले ते 0.1 आणि 0.9 कुठून आले हे मी पहिल्यांदा फळ्यावर सोडवलं तेव्हा तास संपल्यावरही तिथून हलावंसं वाटत नव्हतं.

आणि हीटर का लागतो? कारण थंड झिर्कोनिया हे नुसतं चिनीमातीचं भांडं. साधारण 300 अंश सेल्सिअसच्या वर गेल्याशिवाय आयन हलत नाहीत. वाल्टर नर्न्स्टला स्वतःलाच ही अडचण आली होती. 1897 च्या सुमारास त्याने एक विजेचा दिवा काढला. त्यात कार्बनच्या तंतूऐवजी अशाच झिर्कोनियाची काडी होती. ती काडी थंड असताना वीज वाहून नेत नसे, म्हणून दिवा लागण्याआधी ती वेगळी तापवून घ्यावी लागे. पुढे टंगस्टनच्या तंतूने तो दिवा मागे टाकला. ऐंशी वर्षांनी तेच सिरॅमिक मोटारीच्या एक्झॉस्टमध्ये आलं आणि येताना तीच खोड घेऊन आलं. सुरुवातीच्या सेन्सरना हीटर नव्हता, ते एक्झॉस्टच्या उष्णतेवर तापत. त्यामुळे गाडी सुरू केल्यावर बराच वेळ, आणि आयडलिंगला उभी असताना, ते मुके राहत. हीटर आल्यावर हे थांबलं.

इथवर आल्यावर आमच्या गाडीच्या लक्षणांचा अर्थ लागायला लागला. हीटरला वीज मिळत नसेल तर शहरात, सिग्नल-सिग्नलला थांबत जाताना, सेन्सर थंड पडणार. संगणकाला निरोप मिळणार नाही, मग तो सावधगिरी म्हणून पेट्रोल सढळ सोडणार. म्हणून वास, म्हणून अ‍ॅव्हरेज कमी. गगनबावड्याच्या रस्त्यावर एक्झॉस्टच सेन्सरला तापवतो, म्हणून तिथे सगळं सुरळीत. म्हणजे सेन्सरचा जीव शाबूत असावा. अडचण त्याच्यापर्यंत ऊब पोहोचण्यात असावी.

शिवाजी उद्यमनगरात एक वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही म्हणते. दुकान म्हणजे एक शटर, पुढे पत्रा, आत भिंतीला टांगलेली वायरिंगची जुनी जाळी. त्यांना मी लक्षणं सांगितली, अंदाजपत्रकही दाखवलं. ते वाचलंच नाही त्यांनी.

“सेन्सर बदला म्हणल्यात व्हय? बदलू की. पण आधी त्यो मेलाय का बघू तरी.”

बोनेट उघडलं. इंजिन गार होतं, त्यामुळे मॅनिफोल्डजवळ, म्हणजे इंजिनातून एक्झॉस्ट बाहेर काढणाऱ्या नळ्यांजवळ, हात घालता येत होता. सेन्सरच्या चार तारा एका कपलरमध्ये जात होत्या. दोन पांढऱ्या, एक काळी, एक करडी. पांढऱ्या दोन हीटरच्या, काळी सिग्नलची, करडी सिग्नलच्या जमिनीची. कपलर सोडून मामांनी मल्टिमीटरच्या सळ्या सेन्सरकडच्या दोन पांढऱ्या तारांना लावल्या. सहाच्या आसपास ओहम. “ह्यो बघा, हीटर जित्ता हाय.” हीटर जळाला असता तर मीटरने अनंत दाखवलं असतं. पाचव्या मिनिटाला आलेल्या त्या अंदाजपत्रकाला इतक्याशा तपासणीने उत्तर मिळालं होतं.

मग गाडीकडची बाजू. चावी चालू केली, एक सळी वीज येणाऱ्या पिनेला, दुसरी बॅटरीच्या उण्याला. 12.2 व्होल्ट. मी म्हटलं, वीज तर येतेय, म्हणजे संगणकाकडचीच बाजू गेली की काय? मामांनी मान हलवली. “मीटरला काय, त्याला येक केस जरी चिकटलेला असला तरी बारा दिसत्यात. त्याला काम सांगा, मग बघा.” त्यांनी खणातून दोन तारा जोडलेला एक बल्ब काढला, इंडिकेटरचा 21 वॅटचा. त्याची एक तार त्याच पिनेला, दुसरी उण्याला. बल्ब पेटला, पण कसा, तर आतला तंतू विझत आलेल्या निखाऱ्यासारखा लालसर. मीटर तसाच लावलेला होता. त्याच्यावरचा आकडा 12.2 वरून चारच्याही खाली आला होता.

मी हे बारकाईने लिहितेय, कारण या एका क्षणात सगळं निदान आहे. डिजिटल मल्टिमीटर स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही. त्याचा अंतर्गत रोध काही मेगाओहम असतो. त्यामुळे वाटेत गंजलेला, दहा ओहमचा अडथळा असला तरी मीटरला तो जाणवत नाही, तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. बल्बने पाऊण-एक अँपिअर मागितला की त्याच दहा ओहमवर आठ-नऊ व्होल्ट खर्ची पडतात. ओहमचा नियम शाळेतला मुलगाही सांगेल. पण मीटर 12 दाखवत असताना त्याच्यावर शंका घ्यायची आणि तारेवर भार टाकून बघायचं, हे कुठल्याही पुस्तकाने मला शिकवलं नव्हतं. त्या दिवशी मामांच्या हाताकडे बघत असताना मला जो आदर वाटला, तो मी त्यांना तिथे नीट सांगूही शकले नाही, म्हणून इथे लिहून ठेवतेय.

पुढचं काम चिकाटीचं. फ्यूजपाशी बल्ब लख्ख पेटला. म्हणजे फ्यूज आणि कपलर यांच्या मधे कुठेतरी. मामांनी हार्नेसवरची, म्हणजे तारांच्या जुडग्यावरची, टेप उलगडत आणली. बॅटरीच्या ट्रेखाली आल्यावर आधी शेंगांची टरफलं निघाली, मग कापसाचा एक गोळा, आणि मग ती तार. उंदराने वरचं आवरण दोन बोटं रुंद कुरतडलं होतं. तांब्याच्या बारीक तारांपैकी बहुतेक तुटलेल्या, उरलेल्यांवर पावसाच्या पाण्याने हिरवा चुरा चढलेला. मामांनी नखाने टोकरलं तर तो खाली गळला. दोन-तीन तारा तेवढ्या शिल्लक होत्या, आणि त्यांच्याच जोरावर मीटरने बारा व्होल्ट दाखवले होते. “ऊसतोड सुरू झाली की ह्येंची वर्दळ लईच,” मामा म्हणाले. रानातले उंदीर खरंच त्या काळात गावाकडे येतात की नाही हे मला तपासता आलेलं नाही, पण बोनेटखाली उबेला ते येतात हे आमच्या गल्लीतल्या कुणालाही विचारा.

हिरवं कापून टाकायचं म्हणजे जिथे दिसतं तिथेच कापून चालत नाही. आवरणाच्या आत ते पुढे सरकलेलं असतं. मामा थोडं थोडं सोलत गेले, लखलखीत तांबं लागेपर्यंत, आणि वीतभर तार काढून त्याच जाडीची नवी घातली. दोन्ही सांध्यांना कथलाचा डाग दिला, म्हणजे सोल्डर केलं, वर आतून गोंद असलेली स्लीव्ह चढवून तापवली, आणि सगळ्यावरून पन्हाळीदार नळी घातली.

तेव्हा त्यांनी सहज एक गोष्ट सांगितली. ही तार गाडीकडची होती म्हणून डाग दिला. सेन्सरच्या शेपटाची असती तर दिला नसता, लग दाबून जोडली असती. मी कारण विचारलं. “ह्यो वायरीतनं दम घेतोय मॅडम. डागानं त्याचा दम कोंडतो.” मला क्षणभर काही कळेना. मग लख्खकन कळलं. घटाच्या आतल्या बाजूला साधी हवा लागते, तुलनेसाठी. सेन्सरचं शरीर तर पाणी आत जाऊ नये म्हणून बंद केलेलं असतं. मग ती हवा येते कुठून? बऱ्याच सेन्सरमध्ये ती तारेच्या आवरणातून, बारीक तारांच्या मधल्या फटींतून, कपलरपासून आत येते. तिथे कथलाचा डाग दिला की फटी बुजतात. कपलरमध्ये ग्रीस भरलं किंवा स्प्रे मारला तरी धोका तोच. आतली हवा बिघडली की तुलनाच बिघडते, आणि मग नर्न्स्टचं समीकरण इमानदारीने चुकीचं उत्तर देतं. वर्गात ‘संदर्भ इलेक्ट्रोड’ शिकवताना यापेक्षा चांगलं उदाहरण मला आजवर मिळालं नाही.

गाडी सुरू केली, मामांच्या स्कॅनरवर आलेख लावला. मिनिटाच्या आत रेघ हलायला लागली आणि हलतच राहिली, आयडलिंगलासुद्धा. कोड पुसला, तो परत आलेला नाही. पीयूसीला गेले तेव्हा लॅम्डाचा आकडाही पाहिला. भारत स्टेज-4 या प्रदूषण-मानकाच्या पेट्रोल गाडीला इंजिन मिनिटाला 2500 फेऱ्यांवर धरून तो 0.97 ते 1.03 मध्ये यावा लागतो. आला.

त्यानंतर मी मामांच्या दुकानात अनेकदा जाऊन बसले. सेन्सरवर आळ येणारी प्रकरणं तिथे पुष्कळ येतात. मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून एक्झॉस्ट गळत असेल तर वायूच्या ठोक्यांच्या मधल्या ओढीने बाहेरची हवा आत शिरते, सेन्सरला ऑक्सिजन दिसतो, संगणक पेट्रोल वाढवतो. एका प्लगची ठिणगी पडत नसेल तर त्या सिलिंडरचा न वापरलेला ऑक्सिजन तसाच बाहेर येतो आणि सेन्सर ‘हवा जास्त’ म्हणतो, जरी बरोबर कच्चं पेट्रोलही येत असलं तरी. दोन्हीकडे सेन्सर बदलून काहीही साधत नाही. कन्व्हर्टरच्या मागे दुसरा सेन्सर असतो, त्याच्याबाबतीत तर सगळा हिशेबच उलटा. कन्व्हर्टर ऑक्सिजन साठवून ठेवून चढउतार पचवतो, त्यामुळे मागची रेघ सपाट असणं हे कन्व्हर्टर चांगला असल्याचं लक्षण. ती पुढच्यासारखी नाचायला लागली की पी-0420 येतो. हा कोड आल्यावर मागचा सेन्सर बदलून घेतलेली माणसं मी त्या दुकानात पाहिली आहेत. फार वाईट वाटतं. पैसे त्यांच्या कष्टाचे असतात.

सेन्सर पेट्रोलमध्ये किंवा थिनरमध्ये बुडवून धुतात, तेही मला पटत नाही. काजळी एक वेळ नीट चाललेल्या इंजिनात आपोआप जळून जाते, पण शिसं, सिलिकॉन किंवा कूलंटमधली द्रव्यं प्लॅटिनमवर बसली की धुऊन निघत नाहीत. आणि सेन्सर काढून संगणकाला खोटा सिग्नल देणाऱ्या युक्त्यांबद्दल मी मवाळपणे लिहू शकत नाही. तो धूर शाळेच्या फाटकापाशी उभ्या मुलांच्या छातीत जातो.

आमच्या जिल्ह्याशी जवळून जोडलेली एक गोष्ट इथे सांगायला हवी. उसाच्या मळीपासून आणि रसापासून इथले कारखाने इथेनॉल करतात, आणि पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन असतोच, म्हणून त्याला जळायला हवा कमी लागते, एका भागाला नऊच भाग. 20 टक्के मिश्रणाचं नेमकं प्रमाण 14.7 वरून 13.5 च्या आसपास येतं. सेन्सरला इंधन कुठलं हे कळत नाही, त्याची गरजही नाही. ऑक्सिजन उरलाय म्हटलं की संगणक सात-आठ टक्के पेट्रोल वाढवतो, आणि ही वाढ ‘लाँग टर्म फ्यूल ट्रिम’ म्हणून लिहून ठेवतो. जुन्या गाडीच्या स्कॅनरवर अधिक आठ दिसलं की पूर्वी आपण लगेच हवेची गळती शोधली असती. आता आधी टाकीत काय आहे हे विचारावं लागतं. मामांना हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी वही काढून लिहून घेतलं, आणि मला फार बरं वाटलं.

जाताना मामांनी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यातून दोन जुने सेन्सर काढून दिले, मुलांना दाखवायला. एकाच्या टोकावर राखाडी काजळी, दुसऱ्याच्या टोकावर पांढरी भुकटी. दुसरा ज्या गाडीतला, तिच्या इंजिनाला कुणीतरी गॅस्केटच्या जागी साधं सिलिकॉन भरपूर थापलं होतं.

प्रयोगशाळेत बन्सेन बर्नरची हवा कमी करून पिवळी ज्योत केली, काजळीवाला सेन्सर चिमट्याने तिच्यात धरला, सिग्नलच्या तारेला मल्टिमीटर. आधी काहीच नाही. टोक तापून लालसर होऊ लागलं तसा आकडा सरकायला लागला, 0.2, 0.5, आणि 0.8 वर स्थिरावला. ज्योतीबाहेर काढल्याबरोबर खाली, शून्याच्या जवळ. मुलांचा गलका झाला. पांढऱ्या भुकटीचा सेन्सरही वर गेला, पण रेंगाळत, आणि बाहेर काढल्यावर खाली यायला इतका वेळ घेतला की एका मुलीने मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. हाच तो पी-0133, मंद प्रतिसाद. असा सेन्सर मात्र खरोखर बदलावा लागतो.

मग एकाने उलटं गणित मांडलं. 0.8 व्होल्ट येतात तर ज्योतीत ऑक्सिजनचा दाब किती? 1000 केल्विन धरून त्याचं उत्तर आलं 10 चा उणे 17 वा घात, त्याच्या दीडपट. शेजारची म्हणाली, तापमान 1000 च कशावरून? तिने 900 धरून केलं आणि तिचं उत्तर साठ पटीने कमी आलं. दोघांची आकडेमोड बरोबर होती. वाद मिटेना, कारण टोकाचं तापमान कुणीच मोजलं नव्हतं. दोघांनी मिळून थर्मोकपलसाठी, म्हणजे एवढं तापमान मोजणाऱ्या तारेसाठी, अर्ज लिहिलाय, मी सही करून विभागप्रमुखांकडे पाठवलाय, आणि तोवर दोन्ही उत्तरं फळ्याच्या कोपऱ्यात ‘पुसू नये’ असं लिहून ठेवली आहेत.